खाटेजवळची खुर्ची

वाईट बातमी दारातूनच सांगून सटकायचं, ही मोठ्या डॉक्टरांची जुनी खोड. म्हणून हॉस्पिटलने त्यांना दोन दिवस प्रशिक्षणाला बसवलं: खुर्ची ओढा, शेजारी बसा, मोबाइल खिशात ठेवा, हळू बोला. डॉक्टरांनी ते फारच मनावर घेतलं. सोमवारी ते सात नंबरच्या आजोबांजवळ बसले, बुधवारी चार नंबरच्या मावशींजवळ. शुक्रवारपर्यंत दोन्ही खाटा रिकाम्या झाल्या. बाकीच्यांजवळ बसा, असं काही प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

शनिवारी गुडघा ठणकत होता, म्हणून त्यांनी अपेंडिक्सवाल्याजवळ खुर्ची ओढली. उद्या घरी सोडतो, एवढंच सांगायचं होतं. त्याने बायकोचा हात घट्ट धरला.

"डॉक्टर, हात जोडतो, जे काय असेल ते उभ्याउभ्याच सांगा."