बाबांची लेन्स

बेंझिनमध्ये भिजवलेला कापूस कुमुदने लेन्समधल्या शटरच्या पात्यांवरून हलकेच फिरवला आणि खटका दाबला. जुन्या तेलाने चिकटून बसलेली पाती 'खट्' करून उघडली, मिटली.

कॅमेरे दुरुस्त करायच्या या दुकानात ती वीस वर्षं बाबांच्या शेजारी बसली होती. पण जाताना त्यांनी ही जुनी जर्मन लेन्स दिली धाकट्या शैलाला. का, तर ती फोटो छान काढते!

शैला टपरीवरून चहा घेऊन आली. "झाली का गं, ताई?"

"नाही. पाती गंजलीत. आता ही कधीच चालायची नाही."

शैलाने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. "मग तुझ्याकडेच राहू दे."

जिच्यासाठी इतका जीव जळत होता, ती लेन्स आता कुमुदची होती. पण हातात धरवेना. तिने शैलासमोरच खटका दाबला. पाती झटकन उघडली.

"खोटं बोलले मी."

"माहीत आहे. मघाशी दारातच आवाज ऐकला," शैला म्हणाली. "म्हणूनच म्हटलं, तुझ्याकडे राहू दे."

कुमुदने लेन्स ठेवून घेतली. पण धाकट्या बहिणीचा इतका हेवा तिला याआधी कधीच वाटला नव्हता.