सुनेची खोली

अ‍ॅनिमेशनपटातल्या सुखी घराची पार्श्वभूमी तिला रंगवायची होती: अर्ध्या उघड्या दारातून दिसणारी सुनेची खोली. "माणूस एकही नको. इथं कोण राहतं, ते खोलीनंच सांगायला हवं," सरांनी बजावलं होतं. चित्र पसंत पडलं, तरच नोकरी.

आता सर चित्रावर वाकले होते. उंबऱ्याशी लोळणारं ऊन त्यांना आवडलं, उशीवरचा खळगाही आवडला. मग त्यांचं बोट दारापाशी थबकलं. काय चुकलं ते पाहायला तीही वाकली.

"पोरी, कडी फक्त बाहेरून? आणि तीही रोजच्या वापरानं अशी घासलेली?"

एवढंच होय! तिचा जीव भांड्यात पडला.

"अहो सर, आतून लावली, तर सकाळी सासूबाई उघडणार कशा?"