एकट्याचं उतरलेलं भाडं

"अजून थोडं थांबू, भाडं उतरेल," असं म्हणत परागने नॉर्वेची सहल वर्षानुवर्षं लांबवली होती. आज जेवता जेवता त्याने फोन पाहिला आणि तो ओरडलाच, "मृणाल, उतरलं! माझं तिकीट थेट निम्म्यावर!"

"आणि माझं?"

"तुझं आहे तेवढंच. उतरेल तेही."

मृणालचा घास हातातच राहिला. मनगटावरच्या पट्ट्यांवरून विमान कंपन्यांना प्रत्येकाची तब्येत कळते, आणि जो विमानात बसायला उरणारच नाही त्याला त्या तिकीट स्वस्तात विकतात आणि त्याची जागा पुन्हा दुसऱ्याला विकतात, असं लोक म्हणायचे. पराग त्याला अफवा म्हणायचा. पण तिच्या भावाचंही भाडं असंच एकट्याचं उतरलं होतं. तिकीट जूनचं होतं, तो मे महिन्यातच गेला.

"दे इकडे," म्हणत तिने फोन ओढून घेतला आणि तारीख अलीकडे आणली. पुढचा महिना, मग पुढचा आठवडा, शेवटी उद्याची सकाळ. परागचं भाडं निम्मंच राहिलं.

तो खुशीत तिच्या खांद्यावरून डोकावला. "उद्याचंसुद्धा? बघ, थांबल्याचा फायदा झाला की नाही!"