मघासारखं

व्हिडिओ संपला तरी कोणी बोलेना. साडेतीन मिनिटांत फार काही घडलंच नव्हतं. दूरच्या कुठल्याशा लढाईत पडलेल्या घरासमोर एक स्त्री आली, तिने धुळीतून एक चादर ओढून काढली, झटकली आणि चारी टोकं जुळवून तिची नीट घडी घातली. मागे भिंत नव्हती की छप्पर नव्हतं.

आठवीच्या वर्गाला असं गप्प बसायची सवय नव्हती. फळ्यावर इतिहासाच्या बाईंचा नेहमीचा प्रश्न लिहिलेला होता: 'हे आपल्याला कोण दाखवतंय, आणि कशासाठी?' कुठल्याही देशातलं लग्न असो की लढाई, आधी छोटासा व्हिडिओ आणि मग हा प्रश्न, अशी बाईंची पद्धत होती.

तिसऱ्या बाकावरून 'म्यूट' उठली. वर्षभरात हजेरीपलीकडे तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, म्हणून पोरांनी तिचं हे नाव पाडलं होतं.

"बाई, त्या काकू घडी कशाला घालतायत?" ती म्हणाली. "घरच नाही राहिलं. ठेवणार कुठं?"

आणि तिला रडू फुटलं. तोंड न लपवता ती तशीच उभी राहिली. शेवटच्या बाकावरचा वर्गाचा विदूषकसुद्धा मान खाली घालून बसला.

बाईंच्या अंगावर काटा आला. आदल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना सुनावलं होतं, "पोर्शन मागे आणि तुमचे सिनेमे पुढे. मुलांवर परिणाम होतो म्हणता ना? मग दाखवा. उद्या दुपारपर्यंत रेकॉर्डिंग आणा, नाहीतर सोमवारपासून प्रोजेक्टर कुलपात." आणि आज देवच पावला होता. बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कॉम्प्युटरचे सर मोबाईल धरून उभे होते.

"मिळालं ना, सर?"

"मेमरी फुल दाखवतंय हो," सर ओशाळून म्हणाले. शुभ सकाळ म्हणून आलेलं एकही फूल त्यांनी आजवर पुसलं नव्हतं. आता त्यांनी घाईघाईने पन्नासेक गुलाब उडवले. "झाली जागा. घ्या परत."

तास संपायला दहा मिनिटं उरली होती. बाई तिसऱ्या बाकापाशी गेल्या.

"बाळा," आवाज शक्य तितका मऊ करून त्या म्हणाल्या, "आत्ता बोललीस ना, तेच परत एकदा बोलशील? मघासारखंच."

वर्गात जीव आला. कोणी खिडकीचा पडदा सारखा केला, कोणी बाकावरचे डबे दप्तरात कोंबले. विदूषकाने दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून "अॅक्शन!" म्हटलं. 'म्यूट' पुन्हा उभी राहिली आणि कविता म्हणून दाखवावी तशी दोन्ही वाक्यं न चुकता म्हणाली. डोळे कोरडे होते.

"थोडं सावकाश," बाई म्हणाल्या. "आणि शेवटी जरा... मघासारखं होऊ दे."

मुलीने बाईंकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण मघासारखं म्हणजे काय, हे तिला कळल्याचं बाईंना दिसलं. त्यांची नजर खाली गेली. 'राहू दे' म्हणायला तेवढा वेळ पुरला असता. त्यांनी म्हटलं नाही.

या खेपेला मुलगी 'ठेवणार कुठं'च्या आधी थांबली. पापणी न लववता तिने समोर बघत राहून डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते गालावर ओघळेपर्यंत ती हलली नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. "झकास!" सर म्हणाले आणि तिथूनच मुख्याध्यापकांना पाठवून मोकळे झाले.

घंटेच्या आधीच उत्तर आलं. सरांनी मोबाईल बाईंपुढे धरला. 'उत्तम! मुलगी किती मनापासून रडली आहे. चालू ठेवा तुमचे तास.' बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अभिनंदन," सर म्हणाले, तेव्हा त्या टेबलावरचे खडू उगाचच डबीत भरत होत्या.

घंटा झाली, पोरं डबे घेऊन पळाली. प्रोजेक्टर बंद करायला बाई वळल्या तर 'म्यूट' तिथेच उभी होती. पडद्यावर व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला येऊन थांबला होता. चादर अजून धुळीतच पडलेली होती.

"बाई, बरोबर आलं का?"

"छान आलं." बाईंना तिच्याकडे बघवेना.

मुलीने फळ्यावरचा प्रश्न वाचला, मग पडद्याकडे पाहिलं.

"त्या काकूंना पण कुणी परत घडी घालायला लावली असेल का?"

बाईंचे कान तापले. त्यांचा चेहरा बघून मुलीलाच त्यांची दया आली असावी.

"नसेल, बाई," ती समजूत घालत म्हणाली. "त्यांचं पहिल्या वेळीच चांगलं आलं असेल."