खारे बांगडे

बसेस दारं उघडी टाकून उभ्या होत्या आणि आत चिटपाखरू नव्हतं. माणसं खाली मातीत बसली होती, हेल्मेटं मांडीवर घेऊन. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, काही नाही. नुसती बसली होती. दुबईत अल कुसैसच्या त्या मजुरांच्या कॅम्पचा इन्चार्ज नागेश त्यांच्यापुढून येरझाऱ्या घालत होता आणि त्याच्या डोक्यात काही केल्या उजेड पडत नव्हता.

"यल्ला, चला, चढा रे! साइटवर काँक्रीटच्या गाड्या थांबल्यात!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे मॅनेजर होता, आणि तो ओरडत नव्हता म्हणून जास्त भीती वाटली.

"मला एकच नाव हवंय. हे ज्याने सुरू केलं त्याचं. दुपारपर्यंत. तो संध्याकाळच्या विमानात बसेल, बाकीचे बसमध्ये बसतील. नाव मिळालं नाही, तर विमानात तू बसशील. खलास."

नागेश याच कंपनीत सळ्या बांधायला आलेला माणूस. घासून घासून इन्चार्ज झाला, तेव्हा कुठे बायको-मुलीला इथं आणता आलं. घर, मुलीची शाळा, सगळा संसार त्या एका व्हिसावर उभा होता.

आणि हे सगळं रामायण कशावरून? तर बांगड्यांवरून! कॅम्पातल्या कोकणच्या माणसांची ही जुनीच रीत. सुट्टीच्या शुक्रवारी देऱ्याच्या मासळीबाजारातून बांगडे आणायचे, मीठ लावून गच्चीवर दोरीला वाळत घालायचे. काल मालकाचे पाहुणे कॅम्प बघायला येणार होते. हुकूम आला, वास नको. नागेशने गच्चीवर जाऊन दोऱ्या कापल्या आणि बांगडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. हुकूमच तसा होता, तो तरी काय करणार?

बरं, हीच माणसं आजवर काय कमी सोसत आली? रजा बंद झाली, माना डोलावल्या. ऐन जुलैत एसी बंद पडला, ओल्या चादरी पांघरून झोपली. तेव्हा चकार शब्द नाही. आणि आज चार मासे गेले तर बंड! नागेशने कपाळावर हात मारला.

फोन पुन्हा वाजला. त्याची मुलगी अस्मी होती. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, महाराष्ट्र मंडळात पंधरा ऑगस्टला तिचं भाषण होतं.

"बाबा, वन डाउट. इंग्रजांनी एवढं काय काय केलं. टॅक्स, फॅमिन, शूटिंग. लोक सहन करत होते ना? मग मिठावरून एवढी मोठी चळवळ? व्हाय सॉल्ट?"

"मला काय विचारतेस?" नागेश खेकसला. "मी काय इंग्रज आहे?"

"ओके बाबा, डोन्ट शाउट," म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने दापोलीच्या यूनुसला आत बोलावलं. "खरं सांग, पुढारी कोण?"

"कोणी नाय, साहेब."

"मग सगळे एकदम खाली बसलात कसे?"

यूनुसलाही तेच कोडं पडलेलं दिसलं. "काय माहीत. मी बसलो. बघतो तर बाजूचापण बसलेला."

त्याला घालवून नागेशने दगडूला हाक मारली. कॅम्पातला सगळ्यात म्हातारा गडी. नागेश नवा आला तेव्हा याच दगडूच्या खोलीत राहिला होता, त्याच्याच ताटात जेवला होता. दार लावून घेत नागेश काकुळतीला आला.

"काका, एक नाव द्या. कुणाचंही द्या. यूनुसचं देऊ का? एकटा जीव आहे, मागे बायको-पोरं नाहीत."

दगडूने मान वळवून खिडकीबाहेर बसलेल्या यूनुसकडे पाहिलं. नागेशला आपल्याच बोलण्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो जास्तच चिडला.

"पण बांगड्यांसाठी, काका? रजा बंद केली तेव्हा का नाही बसलात मातीत?"

"रजा कंपनीनं बंद केली," दगडू म्हणाला. "कंपनी परकी. तिच्यावर काय रुसायचं? बांगडे टाकलेस, त्याचंही काही नाही. हुकूम होता, एवढं आम्हाला कळतं. पण टाकताना तू नाकाला रुमाल लावलास, नागेश."

नागेशने खिशातला रुमाल बाहेर काढून पाहिला. रुमाल? लावला होता? हो, लावला होता. हात आपोआप खिशात गेला होता, त्याला कळलंसुद्धा नव्हतं. त्याच्या आईने जैतापूरच्या बंदरावर बांगडे खारवून त्याला वाढवलं. शाळेत जायचा तेव्हा त्याच्या सदऱ्यालाही तोच वास असायचा. त्या वासाची त्याला घाण कधीपासून वाटायला लागली? त्याने आठवून पाहिलं. काही सापडेना.

दगडू कधी बाहेर गेला तेही त्याला समजलं नाही. खिडकीबाहेर माणसं तशीच बसली होती, ऊन त्यांच्या डोक्यावर आलं होतं. फोन वाजला.

"नाव?" मॅनेजरने विचारलं.

"नागेश."

"कोण नागेश?"

"मीच, साहेब. मी सुरू केलं."

मॅनेजर हसला. "वेड लागलं का तुला? तू तर आपला माणूस आहेस!"

"होय, साहेब," नागेश म्हणाला. "तिथूनच सुरू झालं."