सहीची जागा

"सही कर आणि दे इकडे. पोस्ट पाचला बंद होतं," ड्वेन म्हणाला.

त्याने शेवटचं पान जेनेलपुढे सरकवलं. एकच पान. वरच्या आकड्यांवर त्याने कॉफीचा मग ठेवला होता. दर वर्षी ठेवायचा. पंधरा एप्रिल, अमेरिकेतली कर भरायची शेवटची तारीख, उजाडली की आयकराचं विवरणपत्र नवऱ्याने भरायचं, ते दोघांच्या नावाने जायचं, आणि बायकोने खाली मोकळ्या सोडलेल्या रेघेवर सही करायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. ड्वेन स्कोगस्टाडच्या मते संसार यालाच म्हणतात.

या वर्षी मात्र बाईसाहेबांना शिकायची हुक्की आली होती. शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना जेवण वाढणारी बाई, गेल्या ऑगस्टपासून दर शनिवारी कॉलेजात जाऊन बसायला लागली. विषय काय, तर केंद्र सरकारचा आयकर कायदा, अगदी पायापासून. काखेत उशीएवढं जाड पुस्तक. ड्वेनला हसू आवरेना.

"काय शिकवलं पहिल्या दिवशी?" त्याने विचारलं होतं.

"जे जे मिळतं ते सगळं उत्पन्न. कायदा स्वतः नाही म्हणेपर्यंत. पैसे मिळोत नाहीतर वस्तू."

"म्हणजे मी शेजारच्या गॉर्डीच्या दारातलं बर्फ काढलं आणि त्याने मला दोन मासे दिले, तर त्या माशांवरही कर?"

"हो. बाजारभावाने."

झालं. हिवाळाभर पुरेल एवढी करमणूक हाती लागली. बेव्हच्या कॅफेत, चर्चच्या तळघरातल्या रविवारच्या कॉफीला, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून गळ टाकून बसलेल्या मंडळींत, ड्वेन तेच सांगत सुटला. "सांभाळा रे बाबांनो. जिला साधा चेक लिहिता येत नाही, ती आता माशांवर कर बसवणार आहे." गॉर्डी पोट धरून हसायचा. बायकोची अक्कल अशी वेशीवर टांगायची ड्वेनची काही ही पहिली वेळ नव्हती. लग्नापासून त्याचा हाच उद्योग. माणसाकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसलं की तो बायकोचं सांगतो.

सांगण्यासारखं नसलं तरी लपवण्यासारखं होतं. ड्वेन छपरं बदलायचा. गावावर गारा कोसळल्या की त्याची सुगी. निम्म्या लोकांकडून तो रोख घ्यायचा आणि ती रोकड कुठल्याच कागदावर उतरायची नाही. जेनेल कॉलेजात जायला लागली त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, आयकर खात्याचं पत्र आलं. मागच्या तीन वर्षांची तपासणी. पाकिटावर दोघांचीही नावं. जेनेलने विचारलं तर म्हणाला, "तुला नाही कळायचं ते," आणि पत्र खणात कोंबलं.

त्याला घोर नव्हता. एकत्र विवरणपत्रावर दोघांची सही असली की पूर्ण रकमेला दोघंही बांधील, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या नावावर होता एक खटारा ट्रक आणि त्यावरचं कर्ज. तळ्याकाठचं राहतं घर जेनेलच्या बापाने मरताना तिच्या नावावर केलेलं. वेळ आलीच तर सरकार सासऱ्याचं घर घेईल. ह्याच्या बापाचं काय जात होतं?

आता जेनेलने कॉफीचा मग उचलून बाजूला ठेवला. वरचे आकडे एकेक करून वाचले.

"अरे वा, तपासणी चाललीय," ड्वेन म्हणाला. "काही समजतंय का?"

"समजतंय. मी सही करणार नाही."

"नखरे नकोत. सही नसली तर मला कर जास्त बसेल."

"बसू दे. मी माझं वेगळं भरलंय. फेब्रुवारीतच."

ड्वेन खुर्चीत रेलून हसला. "भर की. यंदाचं भरलंस. मागच्या तिन्ही वर्षांच्या कागदांवर तुझी सही आहे, ती कशी पुसणार? घर गेलं तुझं. विचार तुझ्या त्या मास्तरणीला."

"विचारलं. नववा धडा तोच आहे. सही करताना बायकोला खरंच काही माहीत नव्हतं, आणि माहीत व्हायला वावही नव्हता, असं दिसलं तर खातं तिला मोकळं करतं. मी अर्ज केलाय. तुलाही पत्र येईल."

"आणि कोण विश्वास ठेवणार? कायदा शिकलेल्या बाईला म्हणे काही माहीत नव्हतं."

"सह्या केल्या तेव्हा शिकले नव्हते. आणि माझ्या एकटीच्या शब्दावर ठेवा असं मी म्हटलंच नाही. अर्जासोबत ओळखीच्यांची पत्रं जोडता येतात."

तिने पुस्तकाखालून कागदांचा गठ्ठा काढला आणि एकेक कागद त्याच्यासमोर मांडला. पाद्रीबाबांचं. कॅफेवाल्या बेव्हचं. ड्वेनच्या सख्ख्या बहिणीचं. गॉर्डीने तर दोन पानं लिहिली होती.

ड्वेनने गॉर्डीचं पत्र उचललं. "काय खोटंनाटं लिहून घेतलंस याच्याकडून?"

"खोटं एक अक्षर नाही," जेनेल म्हणाली. "सगळ्यांनी एकच लिहिलंय. बायकोला पैशातलं ओ की ठो कळत नाही आणि मी तिला कळू देतही नाही, असं बावीस वर्षं ड्वेन आम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगत आलाय."