कुलपाचं झाकण

अमडापूर सोडून आठव्या किलोमीटरला ॲम्बेसिडरनं पुन्हा मान टाकली.

"पंप बरा हाये, जाळी साफ हाये, कार्बोरेटर कालच धुतला," मेहबूब मिस्त्री म्हणाला. "तरी पेट्रोल येऊन नाही राह्यलं. काका, याच्या आधी केलं होतं काय हिनं असं?"

"एकदाच," हिंमतराव म्हणाले. "बावीस वर्षं झाली."

त्या दुपारी दवाखान्याच्या वाटेवर, मागच्या सीटवर पत्नी आशाबाईंचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. छातीत कळा येत होत्या. ड्रायव्हर मोतीराम बॉनेट उघडून पाऊण तास खुडबुडत राहिला. गाडी सुरू झाली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेरावं झालं आणि हिंमतरावांनी मोतीरामला काढलं. त्यानं गाडीची निगा राखली नाही म्हणून बायको गेली, हे त्यांनी पारावर बसून गावभर पोचवलं. पुन्हा कोणी मोतीरामच्या हाती गाडी दिली नाही. ॲम्बेसिडर ताडपत्रीखाली गेली. आता नात प्रेरणाला लग्नात तीच हवी होती.

मेहबूब गाडीच्या मागं गेला. "टाकीची चावी द्या."

झाकण फिरवताच टाकीनं फुस्सकन हवा ओढली. मेहबूबनं जरा थांबून सेल्फ मारला. गाडी चालू.

"घ्या. झाकणाले हवेचं भोकच नाही. पेट्रोल जाते तेवढी हवा आत जाले पाह्यजे ना? नाही तर पंपानं कितीबी ओढो, टाकी सोडत नाही. गाडीचं झाकण नाही हे. हे कुलपाचं कोण्या शहाण्यानं बसवलं?"

शहाण्यानं घसा खाकरला.

मोतीराम पेट्रोल काढून विकतो, असा त्या शहाण्याला संशय होता. पुरावा काही नव्हता; पण माणसं जोखायला हिंमतरावांना पुरावा कधी लागलाच नाही. कुलूप बसवून महिनाही झाला नव्हता. आणि त्या दुपारी घाईत चावी घरीच राहिली होती.

"मोतीरामच्या घराकडं घे," ते मेहबूबला म्हणाले.

मोतीराम ओट्यावर लसूण सोलत होता. हिंमतराव बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या ओट्यावर टेकले.

"चूक माही होती, मोतीराम. त्या झाकणानंच गाडी अडवली. तुले मी फुकट चोर समजलो. मले माफ कर."

मोतीरामनं वर पाहिलं नाही.

"झाकणाचं मले माहीत होतं, मालक. उघडलं का चालायची."

"मंग तवा काऊन नाही बोलला बे? चावी नव्हती म्हणून?"

मोतीरामनं हातातली पाकळी खाली ठेवली. "वाटलं, पाच मिनिटांत आपसूक चालू होईन. तुमच्या देखत खिशातून दुसरी चावी कशी काढू, मालक?"